सहाव्या दिवशी गाडी बसली

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या मूळ घराच्या खळ्यात एरवी काकांची स्कूटर आणि दोन मांजरं एवढंच असतं. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मात्र तिथं सहा-सात गाड्या लागतात. पोटापाण्यासाठी मडगाव, पणजी, वास्को, मुंबई असा जो जिथे गेलाय तो तिथून येतो, आणि आधी आलेल्याची गाडी मागाहून आलेल्याच्या गाडीने अडवली जाते. माझी सगळ्यांत आत, माडाखाली. नवरा ड्युटीसाठी तिसऱ्या दिवशीच बसने परतला होता. सहाव्या दिवशी सकाळी सासूबाईंना आणि मुलाला घेऊन मी मडगावला निघायचं असं ठरलेलं.

आमचा गणपती पाच दिवसांचा. सहाव्या सकाळी घर कसं असतं ते ज्याच्याकडे गणपती येतो त्यालाच कळेल. माटोळीची, म्हणजे गणपतीवर फळं टांगलेल्या चौकटीची, तोरिंगं आणि सुपारीचे घड उतरवून वाटेला लावलेले, पाट रिकामा, आणि बायकांच्या कंबरा मोडलेल्या. सामान भरलं, देवाला नारळ ठेवला, सगळ्यांना नमस्कार झाले, मी चावी फिरवली. टकटकटकटक. मीटरवरचे दिवे श्वास लागल्यासारखे मंदावले. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच.

"गणपती उठला आणि बॅटरी बसली," धाकटे दीर म्हणाले, आणि खळ्यातले सगळे हसले. मलाही हसू आलं, पण दुपारी चारला मला ऑफिसात हजर व्हायचं होतं.

आता इथून पुढचा अर्धा तास गाडीपेक्षा माणसं सांभाळण्यात गेला, आणि माझ्या मते बॅटरी बसल्यावरचा खरा धोका तोच. एकाने बॉनेट उघडलं. दुसऱ्याने 'सेल्फ गेला असेल' (सेल्फ म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर) म्हणून स्पॅनरने ठोकायला सुरुवात केली. तिसरा म्हणाला, ढकलूया, सेकंड गिअर टाक आणि क्लच सोड. धक्का स्टार्ट गिअरच्या गाडीला चालतो, माझी ऑटोमॅटिक आहे. तिचं इंजिन चाकांनी फिरत नाही, कितीही माणसं लावा. हे चौघांना चार वेळा सांगावं लागलं.

शेवटी काका आले. काका म्हणजे माझे चुलत सासरे. पूर्वी त्यांचा स्वतःचा एक टिपर होता, पिसुर्ले-होंडा भागात खनिज वाहायचा. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या आणि गावोगावच्या दारात टिपर उभे राहिले. उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू मरते, न वापरताही. त्या काळात काका दर आठवड्याला कुणा ना कुणाचा टिपर चालू करून द्यायला जात. त्यामुळे या विषयात घरात त्यांचा शब्द शेवटचा.

त्यांनी आधी सगळ्यांना मागे सारलं. "राव मगे (थांब ना), घाई कशाला करतोस?" मग मला म्हणाले, "हेडलाइट लाव आणि परत एकदा चावी फिरव." मी फिरवली. टकटक झाली आणि हेडलाइट विझायला आले. "सेल्फ नव्हे, बॅटरीच," काका म्हणाले. त्यांचा हिशेब असा: दिवे लख्ख राहून एकच जड 'टक' आली तर संशय सेल्फवर. दिवे मान टाकतात आणि टकटक भराभर होते तेव्हा बॅटरीत जोर नाही. त्यांच्या डब्यातून व्होल्ट मोजायचा एक जुना मीटर निघाला. ११.४. भरलेली बॅटरी शांत उभी असताना १२.६ च्या आसपास दाखवते. दिसायला फरक सव्वा व्होल्टाचा, पण १२ च्या खाली गेली की ती जवळजवळ रिकामीच समजायची.

मग त्यांनी बॅटरी नीट न्याहाळली. कुठे फुगली आहे का, तडा आहे का, खालून ओलावा किंवा कुजक्या अंड्यासारखा वास आहे का. यातलं काही असेल तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वीज घ्यायला केबल लावायचीच नाही, सरळ बॅटरी बदलायची. माझ्या बॅटरीला यातलं काही नव्हतं, फक्त प्लसच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशी चढलेली. काकीने स्वयंपाकघरातून खायचा सोडा आणि कोमट पाणी दिलं. त्यात भिजवलेला जुना टूथब्रश फिरवला की ती फसफसून सुटते, कारण ती आम्लाची पिलावळ आणि सोडा तिचा वैरी. मग कोरड्या फडक्याने पुसून घेतलं.

एवढ्यात रस्त्यावरून शेजारचा टिपरवाला चिरे टाकून परत येत होता, त्याने गाडी थांबवली. "लाव ह्याला, एका झटक्यात उठवतो." माणूस चांगला, मनापासून म्हणत होता. काकांनी हात जोडले. त्याच्या टिपरला दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या, म्हणजे २४ व्होल्ट. माझी गाडी १२ व्होल्टांची. २४ जोडले असते तर गाडीतला कॉम्प्युटर, दिवे, म्युझिक सगळं जळालं असतं, बॅटरीही फुटू शकली असती. "दोनांतल्या एकाच बॅटरीला लावू," त्याने दुसरा उपाय सुचवला. काका म्हणाले, "दोनांतली कुठली, आणि तिचा मायनस कुठे जातो ते मला दिसत नाही तोवर नको." टिपरवाला खांदे उडवून गेला, पण जाताना चहा पिऊन.

मुंबईच्या दिरांची गाडी हायब्रिड. ती पुढे करायला ते तयार होते, पण त्यांच्या गाडीच्या पुस्तकात दुसऱ्या गाडीला जंप, म्हणजे अशी उसनी वीज, देऊ नये असं स्पष्ट छापलं होतं. हे पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकसकट पडून असतं आणि असं काही झाल्याशिवाय कुणी उघडत नाही. मी माझं उघडलं तेव्हा त्यातून मागच्या वर्षीची पार्किंगची पावती पडली. राहिली धाकट्या दिरांची साधी पेट्रोल गाडी, १२ व्होल्टांची.

ती माझ्यासमोर नाकाला नाक लावून उभी करायची, पण नाक खरोखर लावायचं नाही. दोन्ही गाड्यांचा लोखंडी सांगाडा मायनसला जोडलेला असतो. बंपरला बंपर टेकला तर केबल लावण्याआधीच दोन्ही मायनस भलत्या जागी भेटतात. हातभर अंतर ठेवलं. दोन्हींचे हँडब्रेक ओढले, माझी 'पी'मध्ये, त्यांची न्यूट्रलला, दोन्ही चाव्या बंद. एसी, दिवे, वायपर, मुलाने लावलेला मोबाइलचा चार्जर, सगळं बंद.

दिरांकडे ऑनलाइन मागवलेली जंपर केबल होती. पिशवीवर मोठे अँपिअर छापलेले, केबल बोटाएवढी जाड. काकांनी टोकाचं रबर नखाने मागे सारून आतली तार दाखवली. रबरच सगळं, आत तार अगरबत्तीच्या काडीइतकी. सेल्फ फिरताना शंभर-दीडशे अँपिअर खेचतो, तेवढा वीजप्रवाह त्या काडीतून गेला तर केबल तापून वितळते आणि गाडी तरी उठत नाही. काकांनी माळ्यावरून स्वतःची केबल काढली. टिपरच्या काळात वेल्डिंगच्या तांब्याच्या केबलला पितळी चिमटे बसवून केलेली, एका चिमट्याला लाल चिंधी. ती हातात घेतली की वजन कळतं.

आणि मग बांगड्यांचा प्रश्न आला.

"हातातलं काढ," काका म्हणाले. माझ्या हातात काचेच्या चवथीच्या हिरव्या बांगड्या आणि दोन-दोन सोन्याच्या. काकी ओट्यावरूनच म्हणाली, "सणासुदीला हात मोकळे करायचे? गणपतीला जाऊन बारा तास नाही झाले गो." काकांचं म्हणणं, १२ व्होल्टांचा शॉक लागत नाही, पण सोन्याची बांगडी प्लसचा टर्मिनल आणि गाडीचं लोखंड यांच्यामध्ये एकदम टेकली तर क्षणात लाल होते, आणि ती हातात असते. काढायलाही वेळ मिळत नाही. काकी हट्टाला पेटली, काका गप्प. शेवटी तोडगा सासूबाईंनी काढला: काचेच्या राहू देत, काचेतून वीज जात नाही. सोन्याच्या काढ आणि मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत. मी बांगड्या काढून सासूबाईंच्या हातात दिल्या. चष्मा मला तसाही असतो. नसता तरी डोळ्यांवर काहीतरी घालायला लावलं असतंच, आणि त्याला कारण आहे, ते पुढे येतं.

केबल मी लावणार असं मीच म्हटलं. एकटी गाडी चालवणाऱ्या बाईला हे येऊ नये का? पुतण्या फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकतो, त्याने मोबाइलवर काहीतरी उघडून धरलं होतं. काकांनी त्याला ते खिशात ठेवायला सांगितलं.

लाल चिमटा आधी माझ्या बसलेल्या बॅटरीच्या प्लसला. त्याच लाल केबलचं दुसरं टोक दिरांच्या बॅटरीच्या प्लसला. मग काळा चिमटा दिरांच्या बॅटरीच्या मायनसला. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. चौथा, शेवटचा काळा चिमटा हातात घेऊन मी माझ्या बॅटरीच्या मायनसकडे वळले. सरळच दिसतं ना ते? प्लसला प्लस, मायनसला मायनस. काकांनी माझं मनगट धरलं.

"तिथं नव्हे."

बॅटरीत आम्ल आणि शिसं असतं, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. तो दिसत नाही, वास येत नाही, आणि हवेत चार टक्के जरी साचला तरी ठिणगीने पेटतो. चौघांतला जो चिमटा शेवटी लागतो तो वाट पूर्ण करतो, म्हणून ठिणगी त्याच जागी पडते. पहिल्या तिघांना पडत नाही, कारण तेव्हा वीज जाणार कुठे? तेव्हा तो शेवटचा चिमटा बॅटरीच्या डोक्यावर न लावता लांब, इंजिनच्या किंवा चासिसच्या उघड्या धातूला लावायचा. मायनस तिथंही तोच आहे.

पुतण्या म्हणाला, "काका, पण हल्ली बॅटऱ्या सीलबंद असतात." काका म्हणाले, "वाफ सोडायला भोक असतंच." आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. खाणी जोरात होत्या तेव्हा एका गॅरेजात क्लीनरच्या पोराने घाईत शेवटचा चिमटा बॅटरीलाच लावला. फटाक्यासारखा आवाज झाला, वरचं झाकण उडालं, आम्ल तोंडावर. शेजारीच नळ होता, पाईप तोंडावर धरला म्हणून डोळे वाचले. अंगातला शर्ट त्या दिवशी धड दिसत होता, धुवायला टाकल्यावर त्याची जाळी झाली. ही गोष्ट सांगताना काकांचा आवाज बदलत नाही. त्यामुळेच जास्त भीती वाटते.

मी चिमटा बॉनेटच्या बिजागरीला लावला. काहीच नाही. मीटरवर दिवे तसेच मलूल. पुतण्याच्या चेहऱ्यावर 'मी सांगत होतो' असा भाव. काकांनी नखाने बिजागरी खरवडली. तिच्यावर गाडीच्याच रंगाचा थर होता, रंगातून वीज कुठून जाणार! मग इंजिन उचलायला जो जाड लोखंडी कान असतो तो त्यांनी दाखवला, बॅटरीपासून चांगला दोन वीत लांब. तिथे चिमटा टेकताच बारीकशी निळी ठिणगी उडाली आणि मी दचकून मागे झाले. काकी ओट्यावरून "देवा म्हाराजा" म्हणाली. ठिणगी पडली म्हणजे संपर्क झाला. त्या क्षणी मला ती बॅटरीवर पडली असती तर, हा विचार आला आणि मी तो सोडून दिला.

दिरांनी त्यांचं इंजिन चालू केलं, किंचित रेस धरून ठेवली. केबल पंख्यात किंवा पट्ट्यात अडकणार नाही ना, हे काकांनी दोनदा वाकून पाहिलं. आता थांबायचं. सगळ्यांचा धीर सुटतो तो इथेच. जोडली की लगेच सेल्फ मारतात, आणि मग सगळा भार त्या केबलवर आणि समोरच्या बिचाऱ्या बॅटरीवर पडतो. पाच मिनिटं थांबलं तर समोरच्या गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना वीज बनवणारं यंत्र, आपल्या बॅटरीत थोडा जीव घालतो. पाच मिनिटांत दिरांनी तीन वेळा विचारलं, "झालं?"

पहिल्यांदा सेल्फ मारला तर इंजिन कण्हलं, अर्धवट फिरलं, थांबलं. मी चावी धरूनच ठेवली होती, काकांनी काचेवर टकटक केली. पाच सेकंदांच्या वर धरायचं नाही, सेल्फ जळतो. आणखी पाच मिनिटं. दरम्यान पाऊस भुरभुरायला लागला, कुणीतरी दोन्ही बॉनेटवर माटोळीखालचं प्लॅस्टिक धरलं. दुसऱ्यांदा चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली. मुलगा 'गणपती बाप्पा मोरया' ओरडला, खळ्यातल्या सगळ्यांनी साथ दिली.

काढताना उलट क्रम. त्याआधी काकांनी मला ब्लोअर पूर्ण जोरात लावायला सांगितला, चिमटे निघताना व्होल्टेज एकदम उसळलं तर ते झेलायला काहीतरी हवं म्हणून. आधी माझ्या इंजिनाच्या कानाचा काळा, मग दिरांच्या बॅटरीचा काळा, मग त्यांचा लाल, शेवटी माझा लाल. सुटलेले चिमटे एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. दिरांनी एक काळा काढून बंपरवर लोंबकळत टाकला, त्याबद्दल त्यांना सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं.

एवढ्यात शेजारचे एक जाणते म्हणाले, "आता बॅटरीचा टर्मिनल काढून बघा. गाडी चालू राहिली तर अल्टरनेटर बरा." ही युक्ती मी माहेरीही ऐकली आहे. काका म्हणाले, "जीपच्या काळातलं ते." बॅटरी ही व्होल्टेजला ताब्यात ठेवणारी उशी आहे. चालत्या गाडीत ती काढली की अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळतं आणि आताच्या गाड्यांतली इलेक्ट्रॉनिक्स त्यात जातात. त्यापेक्षा मीटर लावला: १४.१. साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान असेल तर अल्टरनेटर काम करतोय. टर्मिनलला हातही न लावता उत्तर मिळालं.

मग बॅटरी बसलीच कशाने? अल्टरनेटर बरा, तर काहीतरी चोरून खात होतं. शोध मुलाने लावला. डिकीचं झाकण बोटभर वर होतं. चौथ्या रात्री आरतीच्या वेळी मी डिकीतून घुमट (आरतीला वाजवायचं मातीचं वाद्य) आणि समया काढायला गेले होते, आणि एका गोणपाटाच्या पिशवीचा पट्टा कुलपात अडकला होता. माझ्या गाडीत डिकी उघडी राहिली की आतला दिवा जळत राहतो. गाडी लॉक करताना तिने बीप केलं असणार, पण चार घुमटं आणि शमेळ वाजत असताना बीप कोण ऐकणार! पाच वॅटचा दिवा म्हणजे साधारण ०.४ अँपिअर. चौथ्या रात्री आठपासून सहाव्या सकाळी दहापर्यंत अडतीस तास. पंधरा-सोळा अँपिअर-तास गेले. बॅटरी ३५ ची, तीही चार वर्षं जुनी, म्हणजे आत खरे ३५ राहिले नसणारच. पुतण्याने हा हिशेब तोंडी केला, तेव्हा मात्र काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

निघताना काकांनी बजावलं, वाटेत इंजिन बंद करायचं नाही. होंड्याहून उसगाव, फोंडा, बोरीचा पूल करत मडगाव. उसगावच्या तिस्कावर मुलाला मिरचीभजी हवी होती, मिळाली नाहीत. तो फोंड्यापर्यंत बोलला नाही. वर पाऊस, म्हणजे वायपर, दिवे, काचेवरचा ब्लोअर सगळं चालू, आणि बॅटरीच्या वाट्याला अल्टरनेटरचं उरलंसुरलं. म्हणूनच तासाभराच्या प्रवासाने बॅटरी भरली असं मानायचं नाही. अल्टरनेटर चालती गाडी सांभाळायला असतो, मेलेली बॅटरी उठवायला नव्हे.

मी ऑफिसला पोचले, उशिराच. संध्याकाळी बॅटरी इलेक्ट्रिशियनकडे दिली, त्याने रात्रभर हळू चार्जिंगला लावली. सकाळी लोड टेस्ट केली. पंधरा सेकंद भार देऊन काटा ९.६ व्होल्टांच्या वर राहायला हवा, माझा ९.१ वर आला. त्या डिकीच्या दिव्याने तिचा शेवट जवळ आणला इतकंच, ती आधीच वाटेला लागली होती. नवी घेतली, जुनी दुकानात जमा केली, तेवढे पैसे कमी झाले. टर्मिनल बसवून झाल्यावर त्याने वर पेट्रोलियम जेली लावली. बुरशीला तेवढा आडोसा.

हे सगळं फोनवर काकांना सांगत होते तेव्हा मागून काकीचा आवाज आला. "तिला विचार, हात अजून मोकळेच आहेत काय?"

मी मनगटाकडे पाहिलं. काचेच्या बांगड्या, बस्स. सासूबाईंनी सोन्याच्या बांगड्या जपून ठेवायच्या म्हणून गणपतीच्या रिकाम्या पाटावर ठेवल्या होत्या, आणि आम्ही तिघंही त्यांना विसरून मडगावला पोचलो होतो. रविवारी पुन्हा सत्तरीला गेले. काकीने स्वतःच्या हाताने घातल्या. काकांनी तेवढ्यात जाऊन माझी डिकी दाबून पाहिली.